औषधांवरील सरकारी फी व तिची सुधारणा

सरकारांत भरावयाचा पैसा दोन प्रकारचा असतो. एक कर व दुसरी फी. जमीनमहसूल हा कर होय. तो भरला म्हणून सरकारनें आपलें अमुक एक काम करून दिलेंच पाहिजे असें म्हणतां येत नाहीं. पण सात-बाराच्या उताऱ्याची नक्कल घेतांना, जमिनीच्या मोजणीचा अर्ज करतांना किंवा खरेदीखत नोंदवितांना जी फी द्यावी लागते, तिच्या मोबदल्यांत ठरलेलें काम मिळावें अशी अपेक्षा करण्याचा आपणांस अधिकार असतो. प्रस्तुत लेखकाची सारी नोकरी महसूल खात्यांत चलनें व कीर्दी लिहिण्यांत गेली असल्यामुळें, कोणती रक्कम कोणत्या शीर्षाखालीं जमा होते व पुढें तिचें काय होतें, याकडे लक्ष देण्याची त्यास संवय आहे. त्या संवयीमुळेंच औषधांच्या परवान्यांवर सरकार जी फी घेतें तिचा विचार येथें करावयाचें योजिलें आहे.

विषय वरवर पाहतां आपल्या धंद्याबाहेरचा वाटेल. ही फी शेतकरी भरीत नाहीं. ती कारखानदार व दुकानदार भरतात. परंतु ज्या तपासणीकरितां ती घेतली जाते ती नीट झाली कीं नाहीं, याची परीक्षा अखेरीस आपल्या मुलाबाळांच्या व गोठ्यांतील गुरांच्या देहावर होते. बियाणें उगवलें नाहीं तर दुबार पेरणी करतां येते. खोट्या औषधानें गेलेला जीव परत येत नाहीं.

फी म्हणजे काय, याचा निर्णय

फी व कर यांतील भेद आपल्या सर्वोच्च न्यायालयानें १९५४ सालीं शिरूर मठाच्या मुकदम्यांत स्पष्ट केला. विशिष्ट सेवेच्या खर्चाकरितां जी घेतली जाते ती फी, व सामान्य राज्यकारभारासाठीं जो घेतला जातो तो कर, असा त्या निवाड्याचा सारांश आहे. पुढें १९७९ सालीं पंजाबांतील बाजार समित्यांच्या फीचा प्रश्न त्याच न्यायालयापुढें आला. फीच्या रूपानें जमा झालेल्या रकमेचा मोठा भाग, अजमासें दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश, फी देणाऱ्यांच्या सेवेंत खर्च झाल्याचें दाखवितां आलें पाहिजे, असें तेव्हां ठरलें. १९८३ च्या दुसऱ्या एका निवाड्यांत हें बंधन कांहींसें सैल झालें व पैचा हिशोब जुळलाच पाहिजे असें नाहीं असें म्हटलें गेलें. तथापि फी व सेवा यांचा कांहीं तरी संबंध असावा हें तत्त्व कायमच राहिलें.

लातूरच्या किंवा नांदेडच्या बाजारांत तूर, सोयाबीन नेणाऱ्या शेतकऱ्यास हें समजावयास कठीण नाहीं. बाजार समितीची फी खरेदीदाराकडून घेतात, व तींतून ओटे, रस्ते, पाणी व मापाची देखरेख व्हावी अशी आपली अपेक्षा असते. ओटे मोडलेले व काटे खोटे असतील, तर फी कशाची, असा प्रश्न आपण विचारतों. औषधांच्या फीस तोच प्रश्न लावून पाहावयाचा आहे.

कायद्याची रचना

सन १९२० ते १९३० च्या दरम्यान हिंदुस्थानच्या बाजारांत निःसत्त्व व बनावट औषधांचा, विशेषतः हिवतापावरील कुनैनच्या भेसळीचा, मोठा बोभाटा झाला. त्यावरून १९३० सालीं कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी कमिटी नेमण्यांत आली, व तिच्या कामाचें फळ म्हणून १९४० चा औषधांचा कायदा व १९४५ चे नियम झाले. पुढें त्यांत सौंदर्यप्रसाधनांची भर पडली व पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, तरी मूळ कायदा तोच चालू आहे. माणसांच्या औषधांप्रमाणें जनावरांच्या औषधांसहि तो लागू आहे. पिकांवरील कीटकनाशकांस मात्र १९६८ चा निराळा कायदा आहे.

औषध बनविण्याचा परवाना ज्या राज्यांत कारखाना असेल त्या राज्याचें सरकार देतें. अगदीं नवीन औषध प्रथमच बाजारांत आणावयाचें असेल, किंवा परदेशांतून औषध मागवावयाचें असेल, तर दिल्लीच्या केंद्रीय खात्याची मंजुरी लागते. विक्रीचा परवाना आपल्याकडे राज्याचें अन्न व औषध प्रशासन देतें; त्याच्या कचेऱ्या नांदेड व लातूर या दोन्ही ठिकाणीं आहेत. निरीक्षकानें दुकानांत किंवा कारखान्यांत जाऊन योग्य किंमत देऊन नमुना घ्यावा, तो सीलबंद करावा, प्रयोगशाळेंत पाठवावा व पृथक्करणाचा दाखला आल्यावर पुढील कारवाई करावी, असा क्रम आहे. दुकानांतील नमुन्याचे सामान्यतः चार भाग करितात. एक दुकानदाराजवळ राहतो, एक प्रयोगशाळेंत जातो, एक न्यायालयाकरितां राखून ठेवितात व एक माल पुरविणाऱ्याकडे पाठवितात. रचना चांगली आहे. परंतु ती चालविण्यास माणसें, प्रवास, यंत्रें व रसायनें लागतात, आणि यांपैकीं कांहींच फुकट मिळत नाहीं.

फीचे दर

किरकोळ औषधविक्रीच्या दुकानास सामान्यतः नमुना २० व नमुना २१ असे दोन परवाने लागतात. २००१ सालच्या दुरुस्तीनें प्रत्येकाची फी रु. १,५०० ठरली, म्हणजे दोहोंचे मिळून रु. ३,०००. पूर्वी दर पांच वर्षांनीं परवान्याचें नूतनीकरण करावें लागे. २०१७ सालीं नियम बदलून परवाना कायमचा झाला, मात्र तो राखण्याची फी दर पांच वर्षांनीं भरावी लागते. या हिशोबानें एका दुकानाकडून सरकारास वर्षास रु. ६००, म्हणजे महिन्यास रु. ५० मिळतात. औषधांच्या कारखान्यास दहा औषधांपर्यंत रु. ६,०००, दर तपासणीस रु. १,५०० व त्यापुढील प्रत्येक औषधास रु. ३०० असा दर त्याच दुरुस्तीचा आहे.

अलीकडे झालेल्या नियमांत निराळी दृष्टि दिसते. वैद्यकीय उपकरणांच्या २०१७ च्या नियमांत धोक्याच्या मानानें चार वर्ग पाडले आहेत. जखमेवरील साधी पट्टी खालच्या वर्गांत येते, तर हृदयाची कृत्रिम झडप वरच्या वर्गांत. खालच्या दोन वर्गांच्या कारखान्यास रु. ५,००० व प्रत्येक वस्तूस रु. ५००, वरच्या दोन वर्गांच्या कारखान्यास रु. ५०,००० व प्रत्येक वस्तूस रु. १,००० अशी फी आहे. नवीन औषधांच्या २०१९ च्या नियमांप्रमाणें अगदीं नव्या द्रव्याच्या मंजुरीस रु. ५,००,००० व माणसांवरील पहिल्या टप्प्याच्या चाचणीस रु. ३,००,००० भरावे लागतात. लहान उद्योगांस सवलत ठेविली आहे. म्हणजे धोका पाहून व ऐपत पाहून फी ठरवावी हें तत्त्व सरकारास मान्य आहे. तें जुन्या परवान्यांस मात्र लावलेलें नाहीं. मुखेड तालुक्यांतील एका खोलीचें दुकान व मोठ्या शहरांतील भव्य पेढी यांची फी एकच आहे.

साधा हिशोब

डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें २००३ सालीं असें सुचविलें होतें कीं, दर दोनशें दुकानांमागें एक व दर पन्नास कारखान्यांमागें एक औषध निरीक्षक असावा. हें प्रमाण धरून पाहूं. दोनशें दुकानांची वर्षाची फी प्रत्येकी रु. ६०० प्रमाणें रु. १,२०,००० होते, म्हणजे महिन्यास रु. १०,०००. एवढ्या रकमेंत निरीक्षकाचें वेतनच भागत नाहीं. मग त्याचा प्रवास, नमुन्यांची किंमत, प्रयोगशाळेंतील रसायनशास्त्रज्ञ व यंत्रें यांचा खर्च दूरच राहिला. नांदेडहून किनवट-माहूरकडे एक फेरी करावयाची म्हटली तरी सबंध दिवस मोडतो.

तात्पर्य, ही फी नांवाची फी आहे. तपासणीचा खर्च तींतून निघत नाहीं. उरलेला खर्च सामान्य तिजोरींतून व्हावयाचा, आणि तिजोरी तंग असेल त्या वर्षीं रिकाम्या जागा न भरणें हाच काटकसरीचा सोपा मार्ग असतो. दुसरें असें कीं, जमा झालेली फी तपासणीकरितां बाजूस राहत नाहीं. ती राज्याच्या एकत्रित निधींत जाते व तेथून अंदाजपत्रकाच्या मंजुरीनें बाहेर पडते. एकदां जमा झाल्यावर नकलेची फी व औषधाची फी एकाच डोहांत पडतात. फी वाढली तरी तपासणी वाढेलच अशी खात्री सध्यांच्या पद्धतींत नाहीं, व सुधारणेचें खरें मर्म येथेंच आहे.

तपासणी ढिली पडली म्हणजे

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत १९८६ च्या आरंभीं चौदा रुग्ण दगावले. त्यांस दिलेल्या ग्लिसरीनमध्यें डायएथिलिन ग्लायकॉल हें विषारी द्रव्य होतें. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगानें चौकशी करून औषध खात्याच्या कारभारावर कडक ताशेरे ओढले. हेंच द्रव्य १९३७ सालीं अमेरिकेंत एका पातळ औषधांतून शंभरांवर लोकांच्या मृत्यूस कारण झालें होतें. आणि याच द्रव्यानें २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरांत मध्य प्रदेशांतील छिंदवाडा जिल्ह्यांत खोकल्याच्या औषधातून वीसांहून अधिक बालकांचे प्राण घेतले. त्यांतील पुष्कळांवर आपल्या नागपुरांत उपचार चालले होते. तमिळनाडूच्या प्रयोगशाळेंत त्या औषधांत हें विष शेंकडा ४८.६ इतकें आढळलें. जो दोष एका पृथक्करणानें उघड झाला तें पृथक्करण माल बाहेर पडण्यापूर्वीं झालें असतें, तर तीं बालकें आज घरीं असतीं.

आपल्या शेजारचेंहि उदाहरण आहे. नागपूर जिल्ह्यांतील सरकारी रुग्णालयास पुरविलेल्या प्रतिजैविक गोळ्या २०२३ सालीं तपासणींत बनावट निघाल्या, व त्यांत औषधाऐवजीं अंगास लावावयाची पावडर व स्टार्च होता असें २०२४ च्या आरोपपत्रावरून प्रसिद्ध झालें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत लातूरला लागून असलेल्या अंबाजोगाईच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयास बनावट गोळ्या पुरविल्याच्या आरोपावरून गुन्हा दाखल झाला. महाराष्ट्र सरकारनें १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचारांची फी माफ केली, ही गोष्ट गरिबांस खरोखर उपकारक झाली. परंतु फुकट मिळालेली गोळी पिठाची असेल, तर त्या माफीचा रुग्णास उपयोग काय? रुग्णाची फी माफ करणें व औषधाच्या तपासणीस पैसा पुरविणें हीं दोन्ही कामें बरोबरच चाललीं पाहिजेत.

फी एका राज्यास, भार दुसऱ्यास

या पद्धतींत आणखी एक विसंगति आहे. कारखान्याची फी ज्या राज्यांत कारखाना असेल त्या राज्यास मिळते, पण परवाना एकदां मिळाला म्हणजे औषध साऱ्या देशांत विकतां येतें. हिमाचल प्रदेशांतील बद्दी किंवा उत्तराखंडांतील हरिद्वार येथें तयार झालेल्या गोळ्या उदगीर व देगलूरच्या दुकानांत येतात. त्यांची फी तिकडे जमा झालेली असते. नमुना घेणें, तपासणें व खटला चालविणें हा खर्च मात्र महाराष्ट्रास करावा लागतो. छिंदवाड्याच्या प्रकरणांत कारखाना तमिळनाडूंतील कांचीपुरम जिल्ह्यांत, रुग्ण मध्य प्रदेशांत व रुग्णालय महाराष्ट्रांत, असा प्रकार होता. आपले दोन्ही जिल्हे परराज्याच्या सीमेवर असल्यामुळें माल इकडून तिकडे जाण्यास वेळ लागत नाहीं, हेंहि ध्यानांत ठेविलें पाहिजे.

अमेरिकेंतील रीत

अमेरिकेंत १९९२ सालीं असा कायदा झाला कीं, नवीन औषधाच्या अर्जाबरोबर कारखानदारानें मोठी फी भरावी, व ती अर्जांची छाननी करणाऱ्या तज्ज्ञांवरच खर्च व्हावी. २०२५ च्या अर्थवर्षांत ही फी एका पूर्ण अर्जास ४३ लक्ष डॉलरांहून अधिक होती. लहान कंपनीस पहिल्या अर्जाची माफी मिळूं शकते. २०१२ सालीं साध्या, म्हणजे पेटंट संपलेल्या औषधांसहि अशी पद्धत लागू झाली, व तिकडे माल पाठविणारे आपल्या देशांतील कारखानेहि ती फी भरतात. आपल्याच कारखानदारांस परदेशीं जी शिस्त परवडते ती घरीं परवडणार नाहीं असें मानण्याचें कारण नाहीं.

या पद्धतींतील दोन गोष्टी विशेष लक्षांत घेण्यासारख्या आहेत. पहिली ही कीं, सरकारनें आपल्याकडून द्यावयाची रक्कम ठराविक मर्यादेखालीं आणली तर फी वापरण्याची मुभा राहत नाहीं. म्हणजे फी आली म्हणून तिजोरीनें हात आंखडावा असें होऊं शकत नाहीं. दुसरी ही कीं, फी भरल्यानें मंजुरी विकत मिळत नाहीं. ती अर्जाच्या छाननीकरितां असते. तरीहि ज्याच्या पैशावर खातें चालतें त्याच्याकडे खात्याचें मन झुकेल अशी टीका तिकडे होत असते, व ती सर्वस्वीं निराधार म्हणतां येणार नाहीं. म्हणूनच साराच भार फीवर टाकणें इष्ट नाहीं.

फीवाढीवरील आक्षेप

फी वाढली तर औषधें महाग होतील, असें म्हणतात. दुकानाची फी तिप्पट केली असें धरूं. महिन्याचे ५० रुपयांचे १५० होतील. वाढ १०० रुपयांची. दुकानांत रोज पन्नास गिऱ्हाइकें येत असतील तर महिन्यास १,५०० होतात, आणि दर गिऱ्हाइकामागें भार सात पैशांहून कमी पडतो. शिवाय ज्या आवश्यक औषधांची कमाल किंमत सरकार ठरवितें तीं छापील किमतीपेक्षां अधिक दरानें विकतांच येत नाहींत. तेव्हां महागाईचा बाऊ करण्याचें कारण नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. आडगांवचें एकुलतें एक दुकान वाढलेल्या फीमुळें व कागदपत्रांच्या त्रासानें बंद पडलें, तर रुग्णास वीस मैल जावें लागेल. आणि तिप्पट फी घेऊनहि दोनशें दुकानांचे महिन्यास तीसच हजार होतात. तेवढ्यानें निरीक्षक व प्रयोगशाळा दोन्ही चालणार नाहींत. यावरून असें दिसतें कीं, लहान दुकानदाराकडे पाहून हा प्रश्न सुटणार नाहीं. फीचा भार जेथें माल मोठा व धोका मोठा तेथें, म्हणजे कारखानदार व घाऊक व्यापारी यांवर, चढत्या दरानें बसला पाहिजे.

सुधारणा कोणत्या व्हाव्या

आमच्या मतें पुढील गोष्टी करण्याजोग्या आहेत.

१. फी तपासणीच्या प्रत्यक्ष खर्चाशीं बांधावी व ठराविक वर्षांनीं तिचा फेरविचार व्हावा. वीस वर्षें दर न हलवितां एकदम मोठी वाढ करणें हें जमाबंदीच्या फेरआकारणींतहि रयतेस जाचक होत असे.

२. विक्रीच्या व उत्पादनाच्या मानानें, तसेंच औषधाच्या धोक्याप्रमाणें फीच्या पायऱ्या असाव्या. खेड्यांतील लहान दुकानाची फी आहे तेवढीच ठेवावी.

३. फीचा हिशोब निराळा ठेवून ती निरीक्षक व प्रयोगशाळा यांवरच खर्चावी. ती अंदाजपत्रकांतील रकमेच्या जागीं नव्हे, तर तिच्याखेरीज असावी.

४. कारखान्याच्या फीचा कांहीं अंश जेथें माल विकला जातो त्या राज्यांस नमुने तपासण्याकरितां मिळावा.

५. जिल्हावार किती तपासण्या झाल्या, किती नमुने घेतले, किती नापास झाले व दाखला येण्यास किती दिवस लागले, याचा तक्ता दरवर्षीं प्रसिद्ध व्हावा. ज्या फीचा हिशोब दिसत नाहीं ती लोकांस करच वाटते.

६. कायद्याच्या २६ व्या कलमाप्रमाणें कोणाहि खरेदीदारास विकत घेतलेलें औषध ठरलेली फी भरून सरकारी पृथक्करणास देतां येतें. अर्ज नमुना १४-अ मध्यें करावयाचा असतो. हा हक्क खेड्यांत फारसा कोणास ठाऊक नाहीं. औषध नापास ठरल्यास ही फी अर्जदारास परत मिळावी, म्हणजे गरीब मनुष्यहि अर्ज करावयास धजेल.

तोंवर आपण काय करावें

कायदे व दर बदलावयास वेळ लागतो. तोंवर औषध घेतांना, मग तें माणसाचें असो वा जनावराचें, पावती मागून घ्यावी व तिच्यावर बॅच क्रमांक आहे कीं नाहीं तें पाहावें. औषध संपेपर्यंत वेष्टन टाकूं नये. क्रमांक व मुदत त्याच्यावरच असते, व तक्रारीच्या वेळीं पुरावा तोच. १ ऑगस्ट २०२३ पासून खपाच्या तीनशें नामांकित औषधांवर क्यूआर कोड छापणें सक्तीचें झालें आहे. घरांतील शिकलेल्या मुलाकडून तो फोनवर तपासून घ्यावा. लहान मुलांस खोकल्याचें औषध डॉक्टरास विचारल्यावांचून देऊं नये. संशय आल्यास दुकानदाराशीं हुज्जत घालीत न बसतां जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कचेरींत लेखी अर्ज द्यावा व पोंच घ्यावी. तोंडी तक्रारीची नोंद कोणत्याहि दप्तरांत सांपडत नाहीं.

आणि सभासदांनीं मिळून एक काम करावें. आपल्या जिल्ह्यांत औषध निरीक्षकांच्या जागा किती, त्यांपैकीं भरलेल्या किती, व गेल्या वर्षीं नमुने किती घेतले, एवढे तीनच प्रश्न माहितीच्या अधिकाराखालीं विचारावे. त्या अर्जाची फी दहा रुपये आहे. उत्तर आल्यावर तें आपल्या आमदारांपुढें ठेवून वरील सुधारणांची मागणी करावी. बाजार समितीच्या काट्याकरितां आपण पिढ्यान्‌पिढ्या भांडत आलों. औषधाचा काटाहि खरा असावा, ही मागणी त्याहून लहान नाहीं.